वास मारणारे हिरवे किडे: घरात, कुंड्यांत, शेतात नेमकं काय करायचं

ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला आलो तेव्हा मागच्या गॅलरीतून येऊरचा डोंगर दिसतो याचंच कौतुक होतं. पहिला पावसाळा सरला, नवरात्र बसलं, आणि एका संध्याकाळी मुलीने दोरीवरचा टॉवेल ओढून तोंड पुसलं आणि ओरडलीच. टॉवेलच्या घडीत ढालीच्या आकाराचा हिरवा किडा होता. तिच्या गालाला कोथिंबिरीची सडलेली जुडी चुरगाळल्यासारखा वास, दोनदा साबण लावला तरी झोपेपर्यंत जाईना. पुढचे दोन महिने रोज दिवे लागले की चार-पाच किडे आत, पडद्यावर, देव्हाऱ्यावर, एकदा तर वरणाच्या पातेल्यात.

त्यानंतर चार पावसाळे गेले. माझ्या मामांची मुरबाडकडे भातशेती आहे, तिथे याच जातकुळीतला किडा लोंब्या पोचट करतो, त्यामुळे घर, गच्ची आणि शेत अशी तिन्ही ठिकाणं मला जवळून बघायला मिळाली. ठाणे, खारघर, बेलापूर, जिथे जिथे डोंगर किंवा मोकळं रान बिल्डिंगला लागून आहे तिथले लोक दरवर्षी मला हेच विचारतात, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते. माझं म्हणणं थोडक्यात असं की औषधाची बाटली शेवटी उचला, आधी किडा ओळखा, तो येतो कुठून ते बघा आणि त्याची अंडी शोधा. यातच बहुतेक काम होतं.

१. आधी ओळख पटवा, आणि फोनवर "ढेकूण झालेत" असं सांगू नका

हे मी पहिलं का लिहितेय तर यातच आमचे पैसे गेले. मामा या किड्याला ढेकण्या म्हणतात, कृषीच्या पत्रकातही "हिरवा ढेकूण" असंच असतं, तर मी पेस्ट कंट्रोलवाल्यांना फोन करून सरळ सांगितलं की घरात ढेकूण झालेत. दोन मुलं आली, गाद्या उभ्या केल्या, पलंगाच्या सांध्यांत, सोफ्याच्या शिवणींत औषध मारलं, आम्ही दिवसभर नणंदेकडे जाऊन बसलो, अडीच हजार दिले. संध्याकाळी परत आलो, ट्यूब लावली, तर खिडकीच्या जाळीवर हिरवे किडे जसेच्या तसे. त्या मुलांचीही चूक नव्हती, त्यांनी खाटेतल्या ढेकणाचं काम केलं होतं.

मराठीत ढेकूण म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी निघतात. खाटेतला, रक्त पिणारा तो एक. जास्वंदीवर, सीताफळावर पांढरा कापसासारखा चिकटतो तो पिठ्या ढेकूण. आणि तिसरा हा वासाचा, ज्याला आता सगळे स्टिंक बग म्हणतात. तिघांची औषधं वेगळी, राहण्याच्या जागा वेगळ्या. नर्सरीतही नुसतं ढेकूण म्हटलं तर पिठ्याचं औषध हातात मिळतं. म्हणून फोटो दाखवा, शब्दावर जाऊ नका.

आपल्याकडे दिसणारे मुख्य असे:

हिरवा ढेकूण. अख्खा हिरवा, दीड सेंटीमीटरच्या आसपास, ढालीसारखा. वाल, चवळी, टोमॅटो, मिरची, तूर यांवर. शास्त्रीय नाव नेझारा विरिड्युला. घरात दिव्याला येणाऱ्यांत आमच्याकडे हाच जास्त.

तपकिरी, दोनेक सेंटीमीटरचा, अंगावर बारीक पिवळे ठिपके. झाडांच्या खोडावर बसतो, सालीच्या रंगात मिसळून जातो, चटकन दिसत नाही.

काळ्या अंगावर नारिंगी नक्षी असलेला छोटा, अर्ध्या सेंटीमीटरच्या वर थोडासा. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर यांच्यावर. याचं नाव बॅग्राडा.

दुधी, भोपळा, कारल्याच्या वेलावर मोठा नारिंगी-काळा, घोळक्याने बसलेला.

आणि भातावरची ढेकण्या. ती ढालीसारखी नसते, बारीक लांबट असते, पाय लांब, रंग हिरवट-तपकिरी. तिचं कुळ वेगळं पण वास तसाच.

आता यातली फसगत. पिल्लं मोठ्यांसारखी अजिबात दिसत नाहीत. हिरव्या ढेकणाची पिल्लं आधी नारिंगी-लालसर, मग काळी आणि त्यावर पांढरे-लाल ठिपके, पाच वेळा कात टाकून शेवटी पंख फुटतात. माझ्या शेजारच्या काकू त्यांना चित्रांगी किडा म्हणजे लेडीबर्ड समजून तीन आठवडे जपत होत्या आणि वालाच्या शेंगा का वाकड्या होतायत ते कळत नव्हतं. लेडीबर्ड घुमटासारखी गोल असते आणि तिचे पंख कडक, चकाकते. ढेकणाचं पिल्लू चपटं असतं, पंख नसतात, आणि पोटाखाली दुमडलेली सोंड असते. पान हळूच उलटं करा, भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा, सोंड दिसते.

उलटीही फसगत आहे. ढालीसारखा असून खांद्याच्या दोन्ही बाजूंना टोकदार काटे असलेला एक तपकिरी ढेकूण असतो, तो अळ्या खातो. सोंड अळीत खुपसलेली आणि अळी लोंबकळतेय असा दिसला तर त्याला हात लावू नका, तो तुमचंच काम करतोय.

एक भीती मनातून काढून टाका, हे किडे रक्त पीत नाहीत, माणसाला रोग लावत नाहीत, आणि घरात अंडी घालून वाढतही नाहीत, कारण त्यांचं खाणं झाडाचा रस. घरात येतो तो वाट चुकून, दिव्यामुळे. त्रास वासाचा, डागाचा आणि तो पाझर डोळ्यात गेला तर होणाऱ्या जळजळीचा.

२. सामान काय लागेल

फार काही नाही. एक टॉर्च. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा किंवा रुंद तोंडाचा जग. भांडी घासायचं लिक्विड. जुना टूथब्रश, रबरी हातमोजे. खिडकीसाठी नायलॉन किंवा स्टीलची बारीक जाळी, वेल्क्रो पट्टी, स्लायडिंग खिडकीच्या फटीसाठी ब्रशसारखी पट्टी (हार्डवेअरवाल्याकडे "खिडकीचा ब्रश" म्हटलं तरी देतात), सिलिकॉनची ट्यूब. कुंड्यांसाठी एक लिटरचा हातपंप आणि कडुलिंबाचं तेल. एक वही पण ठेवा, कुठल्या तारखेला किती दिसले ते लिहायला. ही वही पुढे सोसायटीत फार कामाला येते.

३. घरात शिरलेला किडा कसा काढायचा

चिरडू नका. चप्पल, झाडू, वर्तमानपत्र, काहीच नको. वास त्याच्या छातीखालच्या ग्रंथींतून येतो आणि चिरडलं की सगळा एकदम बाहेर पडतो. भिंतीवर पिवळट डाग राहतो तो वेगळा, आमच्या हॉलच्या पांढऱ्या पडद्यावर अजून आहे.

याची एक सवय आहे ती वापरा. धोका वाटला की हा पाय सोडून सरळ खाली पडतो. तर प्लॅस्टिकच्या जगमध्ये एक लिटर पाणी, त्यात चमचाभर भांड्याचं लिक्विड घालून हलवून घ्या, जग किड्याच्या बरोबर खाली धरा आणि वरून टूथब्रशने हलकेच टेकवा. टपकन पडतो. साधं पाणी चालत नाही, त्यावर तो तरंगतो आणि काठावर चढून परत येतो. साबणामुळे बुडतो. सकाळी सहा-सातच्या गारव्यात हे काम करा, तेव्हा तो सुस्त असतो, दुपारी भुर्रकन उडतो आणि फॅनला आपटतो.

मारायचा नसेल तर वाटी पालथी घाला, खालून कागद सरकवा आणि बाहेर सोडा, फक्त दिवा बंद करून सोडा, नाहीतर पाच मिनिटांत परत आत.

व्हॅक्युम क्लीनर वापरायचा मोह होतो. एकदा केलं की मशीनला वास लागतो आणि पुढे महिनाभर झाडताना तोच वास घरभर. वापरायचाच असेल तर नळीच्या तोंडात जुना पातळ मोजा आत ढकलून रबराने बांधा, किडे मोज्यात अडकतात, मोजा काढून साबणाच्या पाण्यात.

हाताला वास लागला तर आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण. नुसत्या साबणाने लवकर जात नाही, तो पदार्थ तेलकट आहे. डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, भरपूर साध्या पाण्याने धुवा, आणि तरी लाली राहिली तर डॉक्टर.

वाळलेले कपडे घडी करण्याआधी प्रत्येक कपडा झटका. टॉवेल, लहान मुलांचे कपडे, उशांचे अभ्रे आधी. दिवेलागणीच्या आत कपडे काढले तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

४. वाट बंद करा, आणि दिव्याकडे बघा

इंटरनेटवर जे वाचाल त्यातलं बरंच अमेरिकेचं असतं. तिथे १९९८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला एक आशियाई तपकिरी जात सापडली, ती थंडीत शेकड्याने घरांच्या भिंतींत, माळ्यावर जाऊन बसते, तिथल्या सफरचंदाच्या बागांचंही २०१० मध्ये प्रचंड नुकसान झालं. त्यांचे उपाय त्या सवयीला धरून आहेत. ठाण्यात कुठली आलीय तशी थंडी, इथे किडा आसरा शोधत येत नाही, दिव्याला येतो. म्हणून भिंती ठोकून बघणं, माळे रिकामे करणं याची गरज नाही. ऑनलाईन मिळणारे गंधाचे सापळेही बहुतेक त्या परदेशी जातीसाठी बनवलेले, आमच्या शेजाऱ्यांनी मागवला होता, त्यात डास सोडून काही अडकलं नाही.

आमच्याकडे खरा फरक पडला तो दिव्याने. गॅलरीत पांढरी एलईडी ट्यूब होती, ती काढून पिवळसर कमी वॉटचा बल्ब लावला, आणि सप्टेंबरच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत संध्याकाळी सात ते नऊ गॅलरीचा दिवा बंदच ठेवला. हॉलची ट्यूब लावण्याआधी पडदे ओढायचे. वहीत बघितलं तर पहिल्या आठवड्यात रोजचे चार-पाच होते ते एक-दोनवर आले, आणि तोवर जाळीचं काम सुरूही झालं नव्हतं. दिवाळीत कंदील आणि माळा लावायच्याच, फक्त पांढऱ्या-निळ्याऐवजी पिवळ्या घ्या आणि दरवाजाच्या अगदी तोंडावर न लावता रेलिंगच्या बाहेरच्या बाजूला लावा.

मग जाळी. खिडक्यांना जाळी असते हो, पण किडा येतो तो स्लायडिंगच्या दोन काचा एकमेकांवर येतात त्या मधल्या फटीतून. रात्री खोलीत अंधार करून बाहेरून कुणाला तरी टॉर्च मारायला सांगा, जिथून उजेड आत येतो तिथून किडाही येतो. आम्हाला अशा बऱ्याच जागा सापडल्या. एसीचे पाइप जातात ते भोक (इन्स्टॉलेशनवाले माती थापून जातात आणि ती वर्षभरात पडते), बाथरूमच्या तिरप्या काचांची खिडकी, एक्झॉस्ट फॅन, गॅलरीच्या दाराखालची फट, आणि किचनच्या चिमणीचा बाहेरचा पाइप. भोकांना सिलिकॉन, बाथरूमला वेल्क्रोची जाळी, दाराखाली रबरी पट्टी. सगळं मिळून एक रविवार आणि हजार-बाराशे रुपये.

सोसायटीचा फ्लडलाइट हा वेगळा विषय. आमच्या बागेतला मोठा पांढरा दिवा सरळ सी विंगवर मारलेला होता आणि सगळ्यात जास्त किडे सी विंगलाच. तोंडी सांगून दोन महिने कुणी हललं नाही. मग पंधरा दिवसांच्या वहीची झेरॉक्स, तीन घरांचे फोटो आणि सात सह्यांचा एक साधा अर्ज सेक्रेटरींकडे दिला आणि पोच घेतली. पुढच्या मीटिंगमध्ये दिव्याचं तोंड जमिनीकडे वळवायचं ठरलं आणि बल्ब पिवळा केला. खर्च किरकोळ होता, अडलं होतं ते कागदावर नव्हतं म्हणून.

५. कुंड्या आणि गच्ची: पानाची मागची बाजू

इथे मात्र किडा राहतो, खातो आणि वाढतो, त्यामुळे इथे काम रोजचं.

सोंड खुपसून रस ओढतो त्यामुळे कुरतडलेलं काहीच दिसत नाही. टोमॅटोवर पिवळट-पांढरे धुरकट ठिपके येतात, कापलात तर त्याखाली गर बुचासारखा कडक लागतो. वालाच्या शेंगेत दाणे सुरकुततात, शेंग वाकते. मिरचीची कोवळी फुलं, कळ्या गळतात, म्हणजे तेवढ्यानेच ठरवू नका, मिरचीची फुलं पाण्यानेही गळतात.

आता अंडी. हिरव्या ढेकणाची मादी पानाच्या मागे एका वेळी तीस ते शंभरच्या वर अंडी घालते, आणि ती इतकी शिस्तीत, एकमेकांना चिकटून षटकोनी आकारात, जणू कुणी बारीक पिंपं उभी मांडून ठेवलीत. रंग आधी मलईसारखा, फुटायच्या आधी गुलाबी-नारिंगी होतो. फुटल्यावर पिल्लं पहिले काही दिवस कुठे जात नाहीत, रिकाम्या टरफलांवरच गोळा होऊन बसतात आणि काही खातही नाहीत. हीच तुमची संधी. ते पान खुडून साबणाच्या पाण्यात टाकलं की शंभर किडे एका झटक्यात गेले, फवारा नाही, वास नाही, काही नाही. दुसरी कात टाकली की पांगतात आणि मग शोधत बसा.

मी सोमवारी आणि गुरुवारी बघते, चहा घेऊन गच्चीवर जायचं आणि पानं उलटायची. उन्हाळी-पावसाळी दिवसांत अंडी आठवड्याच्या आत फुटतात, म्हणून आठवड्यातून एकदा पुरत नाही.

पण खुडण्याआधी रंग बघा. अंडी राखाडी-काळी पडली असतील तर बहुधा आत एका बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय. ती माशी मुंगीपेक्षा लहान, चावत नाही, आपली अंडी ढेकणाच्या अंड्यात घालते. ऑस्ट्रेलिया आणि हवाईमध्ये तर या कामासाठी ट्रिसोल्कस नावाची माशी मुद्दाम आणून सोडली होती. असं काळं पान झाडावरच राहू द्या. गेल्या वर्षी मी एक पुंजका काचेच्या बाटलीत मलमलीचं झाकण लावून ठेवला, आठवड्याने त्यातून काळे ठिपके चालत निघाले, ढेकूण एकही नाही. गच्चीवर नेऊन उघडली बाटली.

मुळा, मोहरीवरच्या काळ्या-नारिंगी बॅग्राडाचं वेगळं आहे, तो अंडी जास्त करून मातीत घालतो. तिथे पानं उलटून उपयोग नाही, खुरप्याने वरची दोन बोटं माती हलवायची आणि रोपं लहान असताना जाळीचं कापड टाकायचं. तण काढा, विशेषतः कुंडीत आपोआप उगवलेली राजगिऱ्यासारखी रोपं. कोपऱ्यात वाळका पाला, जुने पुठ्ठे साठवू नका, मोठे किडे तिथे दडतात.

६. फवारायचंच असेल तर

लहान पिल्लांवर कडुलिंब चालतं, मोठ्या पंखवाल्यावर फारसं नाही, हे आधीच लक्षात घ्या म्हणजे निराश व्हायला नको. एक लिटर कोमट पाण्यात आधी एक-दोन मिली लिक्विड साबण, मग पाच मिली कडुलिंबाचं तेल, खूप हलवायचं, दूधट दिसलं पाहिजे, वर तेल तरंगत असेल तर पानं करपतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पानांच्या मागून. पहिल्यांदा एकाच फांदीवर करून एक दिवस थांबा. बनवलेलं त्याच दिवशी संपवा. शेतावर निंबोळी अर्क करतात त्याचं माप पाच टक्के, म्हणजे पाच किलो निंबोळ्या कुटून पाण्यात रात्रभर भिजवायच्या, गाळून शंभर लिटर करायचं.

लसूण-मिरचीचं पाणी, पुदिना, कापूर, सगळं करून बघितलं. वास असेपर्यंत थोडं बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खडूच्या रेघा मारून काही होत नाही, हा उडणारा किडा आहे.

डासांचा स्प्रे कुंडीतल्या भाजीवर मारू नका. हे मी हात जोडून सांगते. त्याच मिरच्या तुम्ही परवा पोह्यात घालणार, आणि त्या स्प्रेमुळे मेली तर आधी ती गांधीलमाशी आणि लेडीबर्ड मरते.

७. पेस्ट कंट्रोल बोलवायचं तर हे विचारा

खरं तर या किड्यासाठी घराच्या आत औषध मारण्यात अर्थ नाही, रोज नवीन येतात. पण बाहेरची भिंत, बाग, पार्किंग असं सोसायटीचं काम निघालं तर कागद बघा:

कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांप्रमाणे पेस्ट कंट्रोल करायला परवाना लागतो, त्याची प्रत मागा, मुदत बघा. कुठलं औषध, किती प्रमाणात, हे कोटेशनवर लिहून घ्या. मूळ डबा तुमच्यासमोर उघडायला लावा, बिसलेरीच्या बाटलीतून आणलेलं नको. बिल घ्या. सोसायटीची लेखी परवानगी आणि एक दिवस आधी नोटीस, कारण खालच्या मजल्यावर कुणाचे कपडे वाळत असतात, कुणाची मांजर असते.

डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो तो बघायला शिका. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. राहत्या घराजवळ लाल-पिवळा येऊच देऊ नका. आणि डायक्लोरव्हॉस नाव आलं तर दार बंद करा. पूर्वी घरोघरी सर्रास मारायचे, देशात त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी जुन्या सवयीने कुणीतरी "जालीम आहे ताई" म्हणत काढतंच.

८. भातावरची ढेकण्या

गावाला शेत असलेले ठाण्यात कमी नाहीत, शहापूर, मुरबाड, भिवंडीकडे, शनिवार-रविवार जाऊन बघतात. त्यांच्यासाठी हे.

ढेकण्या भात पोटरीत असताना, म्हणजे लोंबी अजून आत असताना, फार काही करत नाही, तिला लागतो तो दुधाळ दाणा. लोंबी बाहेर पडली, दाण्यात दूध भरलं की सोंड घालून ते दूध ओढून घेते. दाणा पोचट, पळिंज राहतो, भरलाच तर त्यावर तपकिरी डाग आणि गिरणीत तुकडा पडतो. म्हणून बघायचे दिवस मोजकेच, फुलोऱ्यापासून दूध घट्ट होईपर्यंत. त्याआधी पंप मारणं म्हणजे पैसे पाण्यात, आणि दाणा कडक झाल्यावरही तसंच.

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बांधावरून आत जा, उन्हात ती खाली बुंध्याशी दडते आणि तुम्हाला वाटतं शेत स्वच्छ आहे. नाकाला आधी कळतं. लोंब्या हाताने हलवा, चुडाला (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्याला) सरासरी एखादी उडताना दिसली की गंभीर समजा. अंडी पानावर मधल्या शिरेला लागून रांगेत, चपटी, तपकिरी, दहा-वीसच्या ओळी.

तिचं मूळ घर बांधावरचं गवत आहे. भात निसवण्याआधी, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधी, ती तिथेच खाते, म्हणून बांध आधी साफ करायचे, निसवल्यावर काढलंत तर सगळी भातावर चढते. दुसरं म्हणजे शेजारपाजारच्या लावण्या मागेपुढे असल्या की जो आधी निसवतो आणि जो सगळ्यात शेवटी, त्या दोघांवर सगळा मार पडतो. मामांच्या वाडीत आता पाच-सहा घरं ठरवून एकाच आठवड्यात, एकाच मुदतीचं भात लावतात, हळवं (लवकर तयार होणारं) तर सगळ्यांचं हळवं.

मामा एक जुनी गोष्ट करतात, खेकडे ठेचून फडक्यात बांधून शेतात चार-पाच काठ्यांना लटकवायचे. सडलेल्या मांसाच्या वासाला ढेकण्या जमतात हे खरं आहे, मी पहाटे बघितलंय, फडकं दिसेनासं झालं होतं. मग खाली साबणाच्या पाण्याची बादली धरून झटकायचं. नुसतं लटकवून घरी गेलात तर उगाच जास्त ढेकण्या बोलावल्यासारखं होईल. बारकं शेत असेल तर कापडाच्या जाळीने लोंब्यांवरून झोल मारूनही बऱ्याच धरता येतात.

फवारणीची वेळ आलीच तर सकाळी नऊ ते बारा पंप काढायचा नाही. भाताची फुलं त्याच वेळी उघडतात. मामांच्या शब्दांत, "अगं, तेव्हा त्याचं लगीन चाललेलं असतं, मधे जायचं नाही." संध्याकाळी, कडेने सुरुवात करून आत आत यायचं, म्हणजे उडून शेजाऱ्याच्या शेतात जात नाहीत.

औषधाचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. शिफारशी बदलतात, आणि गावात अजून पंधरा वर्षांपूर्वीची पत्रकं फिरतात ज्यांत ढेकण्यासाठी कार्बारिल किंवा मिथिल पॅराथिऑनची भुकटी लिहिलेली असते. या दोन्हींवर २०१८ च्या ऑगस्टपासून बंदी आहे. मामांकडच्या दुकानात एकाने मागच्या कपाटातून जुनी पिशवी काढून दिली होती, आम्ही तशीच परत केली.

९. विचारायचं कुणाला आणि नेताना काय न्यायचं

गावचे कृषी सहायक (आता त्यांना सहाय्यक कृषी अधिकारी म्हणतात), नाहीतर किसान कॉल सेंटरचा टोल फ्री नंबर १८००-१८०-१५५१, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत बोलतात. भातासाठी कर्जतचं संशोधन केंद्र आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आपल्या हवामानाच्या आहेत, विदर्भातल्या मित्राने कपाशीवर काय मारलं ते आपल्या भाताला लावू नका.

जाताना हे बरोबर ठेवा: झाकणाच्या बाटलीत दोन-तीन किडे (मोठा आणि पिल्लू दोन्ही), अंड्यांचं पान कागदात गुंडाळून, नुकसान झालेली लोंबी किंवा शेंग, शेताचा लांबून एक आणि जवळून दोन फोटो, लावणीची तारीख आणि बियाण्याची जात, आधी काही मारलं असेल तर त्याचा रिकामा डबा किंवा बिल. एवढं दाखवलं की पाच मिनिटांत उत्तर मिळतं, नाहीतर "फोटो पाठवा मग सांगतो" यात चार दिवस जातात आणि तोवर दूध आटून जातं.

दुकानातून औषध घेताना लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आहे का बघा, फक्त किडीचं नाव पुरत नाही. शेवटची तारीख, आणि फवारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं तो आकडा बारीक अक्षरात असतो, तो दुकानदाराकडून मोठ्याने वाचून घ्या आणि बिलावर मागच्या बाजूला लिहून ठेवा. वाल आणि टोमॅटोला हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तोडणी दर चार दिवसांनी चालू असते. आमच्या मामींनी आता त्यासाठी बांधावर काठीला लाल चिंधी बांधायची पद्धत ठेवलीय, चिंधी आहे तोवर त्या ओळीतली शेंग कुणी तोडायची नाही, पाहुण्यांनीही नाही.